टेबलाखालचा साक्षीदार

ऑफिसात त्याला सगळे खांब म्हणत. कधीतरी एका मीटिंगमध्ये मोठे साहेब भरात येऊन बोलून गेले होते की हा माणूस आपल्या कंपनीचा खांब आहे, आणि तेव्हापासून बिचाऱ्याचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं. नाव तसं शोभत होतं. उंच, सडपातळ, खांदे जरा पुढे आलेले आणि सतत डोक्यावर काहीतरी तोलून धरल्यासारखी मान. खांबाला बसावंसं वाटतं का, हे काही कोणी कधी विचारत नाही, आणि त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

कंपनीचं काम सांगायला सोपं आणि निभवायला जिकिरीचं होतं. दुसऱ्या कंपन्यांची माणसं पडद्यावरच्या ज्या जागेत एकत्र येऊन काम करतात, ती जागा ही कंपनी सांभाळायची. तिथेच त्यांची कागदपत्रं, तिथेच निरोप, तिथेच मीटिंगा आणि तिथेच एकमेकांच्या गळ्यात घातलेली कामं. बांधकामावरचा इंजिनिअर तिथे नकाशा उघडायचा, दवाखान्यातली नर्स तिथे पुढच्या पाळीसाठी निरोप ठेवायची. ही जागा कधीही बंद पडता कामा नये, एवढीच अट. चालू असताना तिची कोणाला आठवणही येत नसे. बंद पडली की मात्र सगळ्यांना एकदम खांब आठवायचा.

म्हणून त्याने सगळं दुहेरी करून ठेवलं होतं. सगळी माहिती साठवणारे डेटाबेस दोन, तेही वेगवेगळ्या इमारतींत. वीज दोन ठिकाणांहून, तारा दोन वाटांनी. पहिला डेटाबेस काम करायचा आणि दुसरा त्याचं अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचा. पहिला कोसळला की दुसऱ्याने अर्ध्या मिनिटात गादीवर बसायचं. प्रत्येक वस्तूला जोडीदार होता. नव्हता तो खांबाला. लग्न झालेलं होतं, प्रश्न तो नव्हता. पण ऑफिसचा फोन वाजला की उचलणारा तो एकटाच होता. जेवताना वाजो, आजारी असताना वाजो, सासऱ्यांच्या अंत्यविधीला वाजो. बायकोने तक्रार करणं कधीच सोडून दिलं होतं, आणि तेच त्याला जास्त लागायचं.

त्याच्या हाताखाली एक मुलगी होती. तिला नवी म्हणत. येऊन चार वर्षं झाली तरी ती नवीच राहिली होती, कारण खांबाने तिच्या हाती कधी काही सोडलंच नाही. ये, तुला दाखवतो, असं म्हणून तो सुरू करायचा आणि दाखवता दाखवता स्वतःच सगळं उरकून मोकळा व्हायचा. नवी मागे उभी राहून बघायची. बघून पोहता येत नाही हे दोघांनाही कळत होतं, पण तेवढ्यात पुन्हा फोन वाजायचा.

आणि दुसऱ्या गावात ताई होती. त्याची थोरली बहीण. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ताईने शाळेतली नोकरी सोडली आणि ती आईच्या खाटेशी जी बसली, ती बसलीच. आईचं बोलणं तुटक झालं होतं, डोकं मात्र शाबूत. कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं, औषध कुटून चमच्यातून द्यायचं, आणि आई झोपली की तिचा श्वास ऐकत जागं राहायचं. ताई फोनवर एवढंच मागायची, "मला आठ दिवस दे. मला कुठे फिरायला जायचं नाहीये. मला फक्त झोपायचंय." तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात नक्की येतो. पुढचा महिना म्हणजे काय चीज असते, हे ज्यांनी कोणाला तरी वचन देऊन ठेवलंय त्यांना विचारावं.

मग एक दिवस ताई गॅसपाशी उभ्या उभ्या झोपली. दुधाचं भांडं जळून काळं झालं, खोलीत धूर कोंडला, आणि खाटेवरच्या आईला ना उठता येत होतं ना ओरडता. शेजारणीने धूर बघितला म्हणून दोघी वाचल्या. डॉक्टरांनी सुनावलं की आता या बाईला विश्रांती दिली नाहीत तर एकाऐवजी दोन खाटा मांडाव्या लागतील. ताईने हे सगळं फोनवर भाजी आणल्यासारखं सांगितलं आणि या वेळी काही मागितलं नाही. तिने मागणं सोडलं, याचीच खांबाला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने मोठ्या साहेबांकडे रजा मागितली. साहेबांचा चेहरा असा झाला की जणू याने छप्पर काढून मागितलंय. शेवटी ते म्हणाले की जा, पण आधी सराव होऊ द्या. पहिला डेटाबेस मुद्दाम बंद करायचा आणि दुसरा खरंच उभा राहतो का ते बघायचं. हा सराव दर वर्षी व्हायचा आणि दर वर्षी तो खांबच करायचा, म्हणजे परीक्षाही त्याची आणि पेपर तपासणाराही तोच. या वेळी साहेबांनी अट घातली, तुम्ही हात लावायचा नाही. सगळं नवी करेल. जमलं तर खुशाल जा, नाही जमलं तर रजेचं पुढच्या महिन्यात बघू.

सराव रविवारी सकाळी ठरला, तेव्हा वापरणारी माणसं कमी असतात म्हणून. तरी गिऱ्हाइकांना आधी कळवलं होतं. ऑफिस रिकामं होतं. कॅन्टीनमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या करून ठेवलेल्या, फरशीला फिनाईलचा वास. नवीने नियमाप्रमाणे आधी धोक्याच्या सूचनांची घंटा बंद केली, कारण सरावात ती उगाच ठणाणा करते आणि भलतीच माणसं जागी होतात. मग तिने हात पुढे केला. खांबाने फोन दिला, लॅपटॉप दिला.

"सर, टेबलावरचं सगळं बंद करून जा. नाहीतर तुम्ही पाणी प्यायच्या निमित्ताने याल आणि बसाल."

ती हसत म्हणाली, पण म्हणाली ते खरं होतं. खांबाने खरोखर सगळं बंद केलं. कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, दिवा बंद केला, आणि टेबलाखाली जो एक जुनाट कॉम्प्युटरचा डबा होता, ज्यावर तो वर्षानुवर्षं पाय ठेवून बसायचा, तोही वाकून बंद केला. डबा उबदार असायचा, थंडीत पायांना बरं वाटायचं. एवढाच त्याचा उपयोग त्याच्या डोक्यात राहिला होता.

तो कॅन्टीनमध्ये जाऊन एक खुर्ची सरळ करून बसला. हाताची घडी, तोंडावर बोट. काचेच्या भिंतीतून त्याला नवीची पाठ दिसत होती आणि शेजारी उभे असलेले साहेब. तिने पहिला डेटाबेस पाडला ते त्याला तिच्या खांद्यावरून कळलं. खांदे वर गेले आणि तसेच थांबले. आता दुसऱ्याने उभं राहायचं.

इथे खांबाच्या मनात जे आलं ते त्याने पुढे कोणालाही सांगितलं नाही. त्याला वाटलं, उभा राहू नये. थोडा अडखळावा. आपल्याशिवाय हे इतकं सहज चालणार असेल तर इतकी वर्षं आपण नक्की काय केलं? जेवणं सोडून उठलो, लेकीच्या शाळेतलं नाटक अर्ध्यात टाकून पळालो, ते कशासाठी? ताई तिकडे उभ्या उभ्या झोपत होती आणि हा माणूस इथे बसून आपलाच सराव फसायची वाट बघत होता. त्याची त्यालाच लाज वाटली, पण वाटायचं थांबलं नाही.

आणि सराव फसला. नवीचे खांदे खाली आले नाहीत. साहेब घड्याळ बघू लागले, मग येरझारा घालू लागले. दुसरा डेटाबेस उभा राहत नव्हता. खांबाला क्षणभर गोड वाटलं आणि लगेच ध्यानात आलं, आता आठ दिवस गेले. ताईला पुन्हा काय तोंड दाखवायचं? तो उठून काचेपर्यंत गेला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, नवीनेही बघितलं आणि मान हलवली. येऊ नका. तो तिथेच थांबला. इतकं अवघड काम त्याने नोकरीत दुसरं केलं नव्हतं.

दुसरा डेटाबेस ठणठणीत होता. सगळी अक्षरं त्याच्याकडे होती. फक्त त्याने मिठाची गुळणी धरली होती, आणि त्याला तसं शिकवलेलंच होतं. कारण पहिला खरंच मेलाय की मधली तार तुटल्यामुळे नुसता दिसेनासा झालाय, हे दुसऱ्याला एकट्याला कळायला मार्ग नसतो. तार तुटली म्हणून तोही गादीवर बसला, तर दोन मालक होतात, एकाच कागदाच्या दोन खऱ्या प्रती तयार होतात आणि मग तो गुंता सोडवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. म्हणून एक तिसरं छोटं यंत्र ठेवतात. ते काही काम करत नाही. फक्त साक्ष देतं: हो, मलाही पहिला दिसत नाही, तू बस. तिघांत दोघांचं एकमत झालं की कारभार पुढे चालतो. तो साक्षीदारच आज गप्प होता, आणि साक्षीदार नाहीसा झाल्याचं ओरडून सांगणारी घंटा नवीने नियमाने बंद करून ठेवली होती.

खांब काचेतून बघत होता. नवी पडद्यावर वाकून काहीतरी वाचत होती. मग ती उठली. साक्षीदाराचा पत्ता तिला सापडला असावा आणि तो दोन्ही इमारतींतला नसावा, कारण तिने मान वर करून याच मजल्यावरच्या टेबलांकडे बघितलं. ती टेबलांच्या रांगेतून एकेक तार बघत हळूहळू चालत आली. पुढे आली, वळली आणि खांबाच्याच टेबलापाशी थांबली. खुर्ची बाजूला सारून ती गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली शिरली.

तेव्हा त्याला आठवलं. फार वर्षांपूर्वी साक्षीदारासाठी नवं यंत्र मागितलं होतं आणि ते यायला उशीर होत होता. दोन दिवसांची सोय म्हणून त्याने आपल्या टेबलाखालचा जुना डबा जोडून दिला होता. तात्पुरतं. त्या डब्यावर त्याने जाड शाईने लिहिलंही होतं की हा बंद करू नये. मग नवं यंत्र आलंच नाही, फोन वाजत राहिले, आणि ती अक्षरं त्याच्याच पायांनी घासून घासून पुसली गेली. दोन इमारती, दोन विजा, दोन तारा, आणि सगळ्याचा निवाडा त्याच्या पायाखाली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते असं. टेबलाखालून नवीचे फक्त तळवे दिसत होते.

तिने बटण दाबलं. डब्याचा पंखा खरखरला. थोड्या वेळाने पलीकडे साहेबांच्या येरझारा थांबल्या, आणि खांबाला कळलं की दुसरा डेटाबेस उभा राहिला.

साहेब रागावले नव्हते, उलट समजूत घालायच्या सुरात बोलले. बघितलंत ना, तुमच्याशिवाय कसं बंद पडतं ते. तो साक्षीदार नीट एका वेगळ्या इमारतीत हलवू, घडी बसवू, मग पुढच्या महिन्यात जा निवांत. खांबाने ते सगळं ऐकून घेतलं. तो फार थकलेला होता, आणि थकलेल्या माणसाला कधी कधी एकदम स्वच्छ दिसतं.

"साहेब, माझ्याशिवाय बंद नाही पडलं. माझ्यामुळे बंद पडलं. चालू झालं ते माझ्याशिवाय."

साहेब नवीकडे बघू लागले. नवीच्या केसांत टेबलाखालची जळमटं अडकली होती. ती म्हणाली की साक्षीदार ती उद्या हलवेल, कसा हलवायचा ते तिला कळलंय. मग तिने खांबाचा फोन त्याला परत केला आणि सांगितलं की ऑफिसचा फोन ज्यांना जातो त्या ड्यूटीच्या नावांतून त्याचं नाव तिने आत्ताच काढून स्वतःचं टाकलंय. तो म्हणाला, निदान दुसऱ्या नंबरला ठेव, अडलंनडलं तर. ती म्हणाली, नको, सर, तुम्ही पहिल्याच्या आधी उचलाल. साहेबांनी मान हलवली. होकार होता की नाही कोण जाणे, पण खांबाने तो होकार समजून घेतला. मोठ्या माणसांच्या बाबतीत कधी कधी असं समजून घ्यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तो ताईच्या घरी पोचला. वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. खिडकीखाली रस्ता आणि रस्त्यापलीकडे बसचा थांबा. जळलेलं भांडं घासून घासून अजून मोरीत पालथं घातलेलं होतं. ताई इतकी वाळली होती की त्याला आधी आईच उठून दार उघडायला आलीये असं वाटलं.

ताईची मैत्रीण पलीकडच्या गावात राहायची. तिने खोली तयार ठेवली होती. पिशवी भरलेली होती. पण ताई निघेना. तिने त्याला आईची उशी कशी ठेवायची ते दाखवलं, मग पुन्हा दाखवलं. डाव्या टाचेखाली घडी करून मऊ कापड. गोळी कोरडी द्यायची नाही. कूस बदलताना खांद्याला ओढायचं नाही. तो करायला गेला की, थांब, दाखवते, म्हणून स्वतःच करून टाकायची. खांब मागे उभा राहून बघत होता, आणि आपण कोणासारखे उभे आहोत हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

"ती दुसऱ्या कोणाच्या हातून पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही," ताई म्हणाली. "तुला नाही जमायचं."

आई ऐकत होती. खांबाने चमचा घेतला आणि आईच्या ओठांशी नेला. आईने तोंड मिटलेलंच ठेवलं. त्याने ताईकडे बघितलं. तिच्या सुकलेल्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि काळजीच्या खाली तेच होतं जे काल कॅन्टीनमध्ये बसून त्याने स्वतःच्या पोटात ओळखलं होतं. बघ, माझ्याशिवाय होत नाही. त्याला तिचा राग आला नाही. इतकी वर्षं जिने आपली झोप सोडली, तिला एवढं तरी हवंसं वाटणारच.

"ताई, तू निघ आता," तो म्हणाला. "तू इथे आहेस तोवर ती तुझीच वाट बघणार."

ताई रागाने पिशवी उचलून गेली. जिन्यावर तिची पावलं दोनदा थांबली आणि पुन्हा उतरू लागली.

खांबाने खिडकीतून बघितलं. ताई बसच्या थांब्यावर बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर, तोंड वर, डोळे याच खिडकीवर. बस आली, माणसं चढली, बस गेली. ताई तिथेच. दुसरी बस आली आणि गेली. ताई बसलेलीच, हाताची घडी घालून. असं हात बांधून बसणं काय असतं, हे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही कळलं नसतं, काल कॅन्टीनमध्ये बसलेल्या त्याला कळत होतं. त्याला हात हलवावासा वाटला, सगळं ठीक आहे असं खुणेने सांगावंसं वाटलं. पण सांगत राहिलो तर ती ऐकत बसेल. त्याने पडदा ओढून घेतला.

खोलीत जरा अंधारलं. तो आईपाशी येऊन बसला. खिशातला फोन गप्प होता. सवयीने हात तिकडे गेला आणि परत आला. त्याने पुन्हा चमचा भरला आणि आईच्या ओठांशी धरून ठेवला. या वेळी घाई केली नाही. आईने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, मग तोंड उघडलं आणि पाणी प्यायली. अजून एक चमचा प्यायली. थोडं पाणी गालावरून उशीवर ओघळलं ते त्याने पुसलं.

"माझ्या हातचं चालतं का गं, आई?"

आईने एकेक शब्द उचलून ठेवावा तसं उत्तर दिलं. "तहान लागल्यावर... कोण हात बघतं?"

खाली बस थांबल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा, मिटल्याचा, मग बस निघाल्याचा. खांबाने उठून पडद्याची कड जराशी सरकवली. बाक रिकामा होता. त्याने कड सोडून दिली.

"गेली?" आईने विचारलं.

"गेली."

आईने डोळे मिटले. आता झोपली असं वाटलं, एवढ्यात ती म्हणाली, "मी तोंड... मिटून घेतलं... तिच्यासाठी. तेवढं तरी... तिचं राहू दे."

खांबाने तिच्या टाचेखालचं कापड नीट केलं आणि खुर्ची खाटेला लावून बसला.